जॉर्ज टी. स्टॅग चाखण्यापूर्वी : दुर्मीळ बर्बनसाठी नवख्यांचे मार्गदर्शन

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील फ्रँकफर्ट येथे, केंटकी नदीच्या काठी, बफेलो ट्रेस ही व्हिस्की बनवणारी डिस्टिलरी आहे. तिच्या ‘अँटिक कलेक्शन’ या संचातील जॉर्ज टी. स्टॅग ही बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनलेली अमेरिकी व्हिस्की, २००२ साली प्रथम विक्रीस आली आणि तेव्हापासून बहुतेक दरवर्षी पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत ती थोड्या प्रमाणात बाजारात येते. सुमारे पंधरा वर्षे लाकडी पिंपात मुरलेली, पाणी न घालता आणि न गाळता बाटलीत भरलेली ही व्हिस्की मिळवण्यासाठी लोक जी धडपड करतात, तिच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु ती प्रत्यक्ष पेल्यात आल्यावर काय करावे, याविषयी मात्र नवख्या माणसाला फारसे कोणी सांगत नाही. परिणामी साठ-पासष्ट टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेला पहिला घोट जीभ पोळून जातो, आणि समोरचा माणूस एक तर ‘हे काही आपल्यासाठी नाही’ असे ठरवून टाकतो किंवा किमतीच्या दडपणाखाली उगाच वाहवा करतो. हे दोन्ही टाळता यावे, म्हणून ही पद्धत क्रमाने लिहीत आहे. दुर्मिळता हा चवीचा गुण नव्हे, हे मनाशी पक्के करूनच पुढे वाचावे, अशी विनंती आहे. खालची प्रत्येक पायरी त्याच समजुतीवर उभी आहे.

१. आधी पेल्यात काय आहे ते समजून घ्या

अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बन ही अमेरिकेतच बनवावी लागते. तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, ८० टक्क्यांहून अधिक तीव्रतेपर्यंत ती ऊर्ध्वपातित करता येत नाही, आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या भांड्यातच ती मुरवावी लागते, आणि त्या भांड्यात भरताना तिची तीव्रता ६२.५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. किमान दोन वर्षे मुरलेल्या ‘स्ट्रेट’ बर्बनमध्ये रंग किंवा सुवास बाहेरून मिसळण्यास मनाई आहे, आणि जॉर्ज टी. स्टॅग ही त्याच प्रकारात मोडते. म्हणजे पेल्यात दिसणारा गडद तांबूस रंग सगळाच्या सगळा लाकडातून आलेला असतो.

आता एक गोष्ट विचारात घ्या. भरताना जास्तीत जास्त ६२.५ टक्के असलेली ही व्हिस्की बाटलीत येते तेव्हा बऱ्याच वर्षी ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असते. हे कसे होते? केंटकीच्या कोठारांच्या वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात उष्णता साचते आणि हवा कोरडी असते. अशा जागी पिंपाच्या लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी अधिक वेगाने उडून जाते आणि मागे उरलेला द्रव वर्षागणिक तीव्र होत जातो. त्याच काळात पिंपातला एकूण साठाही घटत असतो. पंधरा वर्षांनंतर सुमारे २०० लिटरच्या पिंपात निम्म्याहून कमी व्हिस्की उरणे, ही या बर्बनच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे. बाटल्या कमी का असतात, याचे बरेचसे उत्तर इथेच मिळते. पंधरा वर्षांपूर्वी किती पिंपे बाजूला ठेवली होती, हे आज बदलता येत नाही. आणि २०२१ साली तर डिस्टिलरीने त्या वर्षीची पिंपे अपेक्षित दर्जाची नाहीत असे ठरवून ही बर्बन बाजारात आणलीच नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण त्या वर्षी काहीही भरले असते तरी ते विकले गेले असते.

जॉर्ज स्टॅग हा एकोणिसाव्या शतकातला सेंट लुईसचा व्हिस्की व्यापारी. डिस्टिलरीचे आधीचे मालक कर्नल ई. एच. टेलर यांच्याशी त्याची भागीदारी होती आणि विसाव्या शतकाचा बराच काळ ही डिस्टिलरी त्याच्याच नावाने ओळखली जात होती. बफेलो ट्रेस हे नाव १९९९ सालचे आहे.

२. नावाचा घोटाळा टाळा

पैसे मोजण्यापूर्वी लेबल नीट वाचा, कारण इथे सर्वांत अधिक फसगत होते. ‘जॉर्ज टी. स्टॅग’ आणि नुसती ‘स्टॅग’ या दोन वेगळ्या बर्बन आहेत. दुसरी २०१३ साली ‘स्टॅग ज्युनिअर’ या नावाने आली. पुढे तिच्या नावातून ‘ज्युनिअर’ हा शब्द वगळण्यात आला. तीही पाणी न घालता आणि न गाळता भरलेली असते, तिची तीव्रताही जवळपास तितकीच असते, आणि ती चांगलीच आहे. मात्र तिचे वय बरेच कमी असते, वर्षातून एकाहून अधिक वेळा ती बाजारात येते आणि तिची किंमतही पुष्कळ कमी असायला हवी. बारच्या यादीत नुसते ‘स्टॅग’ लिहिलेले दिसले, तर बाटली समोर आणून दाखवण्याची विनंती करा. असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. चांगल्या बारमधले लोक आनंदाने बाटली दाखवतात.

बाटली दिसली की लेबलावरचा प्रूफचा आकडा टिपून ठेवा. अमेरिकी प्रूफ हे अल्कोहोलच्या टक्केवारीच्या दुप्पट असते. प्रत्येक वर्षीच्या भरणीचे प्रूफ वेगळे असल्यामुळे वर्ष ओळखण्याची ती सोपी खूण आहे : २०१६ ची भरणी १४४.१ प्रूफ, २०१९ ची ११६.९, २०२२ ची १३८.७ आणि २०२४ ची १३६.१ प्रूफ होती.

३. बाटलीच्या मागे लागण्याऐवजी घोट मिळवा

नवख्या माणसाने या बर्बनची पूर्ण बाटली विकत घेण्याचा प्रयत्न करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अलीकडच्या वर्षांत डिस्टिलरीने सुचवलेली किंमत दीडशे डॉलरच्या आसपास असली, तरी त्या किमतीला ती दुकानात मिळणे जवळजवळ नशिबावरच अवलंबून असते, आणि पुनर्विक्रीत तिची किंमत अनेक पटींनी वाढते. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, ओहायो यांसारख्या राज्यांत मद्यविक्री सरकारच्या नियंत्रणाखाली आहे आणि तिथे अशा बाटल्यांसाठी सोडत काढली जाते. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी सोडतीत नाव जरूर नोंदवावे. त्यासाठी साधारणपणे त्या राज्यातला पत्ता आणि २१ वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो. बाकीच्यांसाठी उत्तम मार्ग म्हणजे बार. लुईव्हिल, लेक्सिंग्टन किंवा कोणत्याही मोठ्या अमेरिकी शहरातल्या व्हिस्कीप्रधान बारमध्ये अर्धा औंस, म्हणजे सुमारे १५ मिलीलिटर, असे माप मागता येते. चाखण्यासाठी ते पुरेसे असते.

समाजमाध्यमांवरच्या खासगी गटांतून, ओळखपाळख नसलेल्या माणसाकडून बाटली घेणे पूर्णपणे टाळा. परवान्याशिवाय मद्य विकणे तिथे बेकायदा तर आहेच. शिवाय या बर्बनच्या रिकाम्या बाटल्यांनाही किंमत मिळते, आणि ती कशासाठी मिळते हे वेगळे सांगायला नको. केंटकीत २०१८ पासून परवानाधारक दुकानांना खासगी व्यक्तींकडून जुन्या बाटल्या घेऊन विकण्याची कायदेशीर मुभा आहे. महाग पडले तरी तो मार्ग अधिक सुरक्षित आहे.

४. कागदपत्रे आणि साहित्य

कागदपत्रे थोडीच लागतात. अमेरिकेत वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट सोबत ठेवा. कित्येक बारमध्ये परदेशी वाहन परवाना स्वीकारत नाहीत. महाराष्ट्रात बसून चाखणार असाल, तर वयाची २५ वर्षे पूर्ण असणे आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मद्यसेवन परवाना असणे आवश्यक आहे. बाटली विकत घेतलेली असेल, तर खरेदीची पावती जपून ठेवा.

साहित्याची यादी अशी :

– खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले काचेचे छोटे पेले. ग्लेनकेर्न नावाने मिळणारा पेला यासाठीच घडवलेला आहे. रुंद तोंडाच्या, बर्फासाठीच्या पेल्यात ही बर्बन ओतू नका.
– क्लोरिनचा वास नसलेले पाणी. नळाचे पाणी टाळा. आरओचे किंवा बाटलीबंद पाणी चालते.
– औषधाच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली ५ मिलीलिटरची सिरिंज. पाणी मोजून घालण्यासाठी याहून सोयीचे साधन मला सापडलेले नाही.
– बिनमिठाची साधी बिस्किटे किंवा पाव, आणि प्यायचे पाणी वेगळे.
– वही आणि पेन.

५. आधी त्याच घराण्यातल्या धाकट्या बर्बन ओळखून घ्या

ही पायरी गाळण्याचा मोह होतो, परंतु सर्वांत अधिक शिकायला मिळते ते इथेच. धान्यांच्या ठरावीक प्रमाणाला बर्बनच्या जगात ‘मॅश बिल’ म्हणतात. बफेलो ट्रेसचे एक क्रमांकाचे मॅश बिल कमी राय (गव्हासारखे एक धान्य) असलेले आहे, आणि त्याच एका मिश्रणातून डिस्टिलरीच्या अनेक बर्बन निघतात : ४५ टक्क्यांची बफेलो ट्रेस, दहा वर्षे मुरलेली ४५ टक्क्यांचीच ईगल रेअर, ५० टक्क्यांची ई. एच. टेलर स्मॉल बॅच, आणि त्यांच्या पुढे स्टॅग व जॉर्ज टी. स्टॅग. धान्य तेच, पिंपे एकाच पद्धतीने जाळलेली. फरक पडतो तो वयाचा, कोठारातल्या जागेचा, निवडीचा आणि तीव्रतेचा. म्हणून या क्रमाने वर चढत गेल्यास लाकूड आणि काळ यांनी नेमके काय केले, हे जिभेला स्वतःहून कळू लागते.

किमान बफेलो ट्रेसची एक बाटली घरी आणून काही आठवडे तिच्याशी नीट ओळख करून घ्या. ती भारतातल्या मोठ्या शहरांत अधूनमधून आणि विमानतळांवरच्या शुल्कमुक्त दुकानांत मिळू शकते. तिच्यातला व्हॅनिलाचा गोडवा आणि मक्याची मऊ चव तुमच्या ओळखीची झाली, की जॉर्ज टी. स्टॅगमध्ये त्याच खुणा कुठे खोल गेल्या आहेत आणि कुठे लाकडाखाली दबल्या आहेत, हे शोधता येईल. ही ओळख नसताना थेट शिखरावर उडी घेणाऱ्याला फक्त तिखटपणाच जाणवतो.

६. जागा आणि वेळ

चाखण्यापूर्वी तास-दोन तास तिखट जेवण, पान, सुपारी, तंबाखू आणि पुदिन्याच्या चवीची टूथपेस्ट टाळा. उपाशीपोटीही बसू नका. खोलीत उदबत्ती, अत्तर किंवा शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणी यांचा वास नसावा. आपल्याकडे सहज निसटणारी गोष्ट म्हणजे छताचा पंखा : तो सुरू असेल तर पेल्यावर जमणारा सुवास क्षणात विखुरतो, म्हणून तेवढा वेळ तो बंद ठेवा. मात्र खोली गरम असेल तर अल्कोहोलची वाफ नाकाला झोंबते. वीस ते बावीस अंश सेल्सिअस तापमान चांगले. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात ही खटपट करू नये, आणि केलीच तर खोली आधी थंड करून घ्यावी. पेल्यात बर्फ घालणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण थंडाव्याने सुवास दबतो आणि वितळणाऱ्या पाण्याचे मापही हातात राहत नाही.

७. ओतणे आणि वाट पाहणे

पेल्यात १५ मिलीलिटर ओता आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्या. या अवधीत वरची तीव्र वाफ थोडी उडून जाते आणि मागचे सुवास पुढे येतात. तोपर्यंत रंग पाहा. पेला हलकेच तिरका करून सरळ केल्यावर काचेवर दाट, सावकाश उतरणाऱ्या धारा दिसतील. त्या मुख्यतः अल्कोहोलचे प्रमाण दाखवतात, दर्जा दाखवत नाहीत. तळाशी काळे बारीक कण दिसले तर घाबरू नका. ही व्हिस्की गाळलेली नसल्यामुळे जाळलेल्या लाकडाचे कण कधीकधी बाटलीत येतात.

८. वास घेणे

वाइनप्रमाणे पेला गरगर फिरवून नाक आत खुपसू नका. साठ टक्क्यांच्या वरची वाफ नाकातल्या वेदना जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, आणि एकदा नाक बधिर झाले की पुढची दहा मिनिटे वाया जातात. पेला हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडे ठेवा आणि नाकातोंडातून एकत्र, हलका श्वास घ्या. मग तो हळूहळू वर आणत ओठांपर्यंत आणा. मध्ये थांबून मनगटाचा किंवा बाहीचा वास घेतला, तर नाक पुन्हा ताजे होते.

काय शोधायचे? पांढऱ्या अमेरिकन ओकचे लाकूड जळताना त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होते, लाकडातल्या शर्करांपासून भाजक्या साखरेचे सुवास येतात, लाकडातल्या युजेनॉलमुळे लवंगेची आठवण होते आणि लॅक्टोनांमुळे नारळाची. बफेलो ट्रेसची पिंपे सुमारे ५५ सेकंद जाळलेली असतात, त्यामुळे हे सगळे इथे ठळक असते. अमेरिकी टिपणांत डार्क चेरी, तंबाखू, चामडे, मेपल असे शब्द आढळतात. तुम्ही ते घोकू नका. काकवी, खारीक, जायफळ, भाजलेले खोबरे, वेलदोडा, मनुका, जुन्या शिसवी कपाटाचा आतला वास, असे जे तुमच्या स्मरणात आहे तेच लिहा. मला स्वतःला या बर्बनमध्ये काकवी आणि खारीक इतक्या स्पष्ट मिळतात, की चेरीचा शोध मी आता घेतही नाही.

९. पहिला घोट, दुसरा घोट आणि पाणी

पहिला घोट थेंबभरच घ्या आणि त्यावरून काहीही ठरवू नका. त्याचे काम फक्त तोंडाला तीव्रतेची सवय लावणे हे आहे. मिनिटभर थांबा. दुसरा घोट थोडा मोठा घ्या, जिभेवर सर्वत्र फिरू द्या आणि चावल्यासारखे तोंड हलवा. जिम बीम या केंटकीतल्याच दुसऱ्या बर्बन कंपनीचे बुकर नो यांनी लोकप्रिय केलेल्या या रीतीला ‘केंटकी च्यू’ म्हणतात. गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. सुरुवातीला गोडवा, मध्ये मसाला आणि लाकडाचा तुरटपणा, आणि शेवटी बराच वेळ रेंगाळणारी कोको व तंबाखूसारखी कडवट ऊब, असा क्रम साधारणपणे जाणवतो.

त्यानंतर पाणी घाला, आणि यात संकोच बाळगू नका. ‘इतकी महाग व्हिस्की पाण्यात घालवली’ असे म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच, पण पाणी न घालता बाटलीत भरण्यामागचा एक मोठा फायदा हाच आहे, की पाणी किती घालायचे हे पिणाऱ्याला ठरवता येते. हिशेब सोपा आहे. ६८ टक्क्यांच्या १५ मिलीलिटरमध्ये २ मिलीलिटर पाणी घातले, की तीव्रता ६० टक्क्यांच्या आसपास येते; एकूण साडेपाच मिलीलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याहून किंचित अधिक, घातले की ५० टक्क्यांपर्यंत उतरते. सिरिंजने एकेक मिलीलिटर घालत जा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे थांबा, पुन्हा वास घ्या, घोट घ्या आणि वहीत लिहा. कुठेतरी ५५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान फळांचा गोडवा एकदम मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे. तुमची जागा वेगळी असेल, आणि ती सापडणे हेच या पायरीचे फळ आहे. पाण्यानंतर पेला किंचित गढूळ दिसला, तर तो दोष नाही. थंड करून गाळताना जे तैलाम्लांचे घटक काढून टाकले जातात, ते इथे शिल्लक असतात आणि तीव्रता उतरल्यावर दिसू लागतात.

एक इशारा इथेच देतो. ६८ टक्क्यांच्या ३० मिलीलिटरमध्ये सुमारे १६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे अमेरिकेत मानल्या जाणाऱ्या एका प्रमाणित पेयापेक्षा अधिक. नेहमीच्या पेगच्या अंदाजाने ही बर्बन पिऊ नका, आणि चाखल्यानंतर गाडी चालवू नका.

१०. डोळे झाकून तुलना

कधी घरी थोडी व्हिस्की हाताशी आली, तर हे अवश्य करा. दुसऱ्या कोणाला तरी तीन सारख्या पेल्यांच्या बुडाशी खुणा करून ओतायला सांगा : एकात बफेलो ट्रेस १० मिलीलिटर, दुसऱ्यात ई. एच. टेलर १० मिलीलिटर आणि त्यात १ मिलीलिटर पाणी, तिसऱ्यात जॉर्ज टी. स्टॅग १० मिलीलिटर आणि त्यात ५ मिलीलिटर पाणी. तिन्ही पेल्यांची तीव्रता ४५ टक्क्यांच्या जवळ येते, त्यामुळे नुसत्या झणझणीतपणावरून ओळखता येत नाही. रंगावरूनही अंदाज येऊ नये, म्हणून दिवा मंद ठेवा. मग आवडीचा क्रम लावा आणि तो लिहून ठेवल्यानंतरच खुणा पाहा. जॉर्ज टी. स्टॅग दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर गेली, तर तुमच्या जिभेवर विश्वास ठेवा. पंधरा वर्षांचे लाकूड प्रत्येकाला रुचतेच असे नाही. काहींना त्यातला तुरटपणा जड वाटतो, आणि ते मत तितकेच ग्राह्य आहे.

११. बाटली भारतात आणायची असेल तर

विमानात ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले मद्य नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना सामानात. म्हणजे २०१६ ची ७२.०५ टक्क्यांची भरणी विमानाने आणणे शक्यच नाही. २४ ते ७० टक्क्यांच्या दरम्यानचे मद्य सीलबंद असेल, तर चेक-इन सामानात एकूण ५ लिटरपर्यंत चालते. भारतात उतरताना प्रत्येक प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, हे घरी नेण्यापूर्वी लक्षात घ्या.

बाटली नेहमी उभी ठेवा; आडवी ठेवल्यास इतके तीव्र मद्य बुचाला खाऊन टाकते. उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून दूर, कपाटात ठेवा. अर्ध्याहून खाली गेली, की उरलेली व्हिस्की स्वच्छ, कोरड्या, लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा आणि त्यावर प्रूफ व बाटली उघडल्याची तारीख लिहून ठेवा.